गळ्यातला जोड

दाजी आणि पाना, या दोघा नळवाल्यांचा एक नियम होता. जोड ज्याने केला त्याने तो तपासायचा नाही. पाइप दाजीने जोडला की दाबाचा पंप पाना मारणार, पान्याने जोडला की दाजी. दाजीचं म्हणणं असं, की आपलं पोर आणि आपला जोड, दोन्हींतली खोट आपल्याला दिसत नाही. ती शेजाऱ्याला बरोबर दिसते. भिंत बुजवण्याआधी दुसऱ्याने गुडघे टेकून, टॉर्च लावून, जोडाभोवती बोट फिरवायचं आणि एकच शब्द बोलायचा, ‘कोरडा’ किंवा ‘ओला’. ओला म्हटलं की वाद नाही, रुसवा नाही. कापायचं आणि परत करायचं. बाकीचे नळवाले त्यांना हसायचे, एवढ्या वेळात आमचं दुसरं बाथरूम होतं म्हणायचे. त्यांची दुसरी बाथरूमं पहिल्या वर्षातच गळायची, ते सोडा.

पाना म्हणजे दाजीच्या बायकोचा धाकटा भाऊ. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल. कामाला लागला तेव्हा दाजीने “पाना दे रे” म्हटलं की पाना द्यायच्या ऐवजी हा स्वतःच दाजीला बाजूला सारून काम करायला बसायचा. तेव्हापासून तोच पाना. आता चाळिशी उलटली, टक्कल पडलं, तरी पानाच. बावीस वर्षं दोघांनी एकमेकांच्या टोप्या उडवत काढली. दाजी लोकांना सांगायचा, की हुंड्यात फक्त हाच मिळाला आणि तोही परत घेत नाहीत. पाना म्हणायचा, ताईला फसवून दिली, तिला वाटलं इंजिनियर आहे.

दाजीचा घास पहिल्यांदा अडकला तो कामावर. कोरड्या पावाचा तुकडा छातीच्या मधोमध जाऊन बसला. छातीवर मूठ मारली, दोन घोट पाणी, गेला खाली. आठवड्याने पुन्हा. मग तो पाव चहात बुडवायला लागला, मग भात चमच्याने चेचायला लागला, आणि ही सगळी युक्ती घरात कुणाला कळू न देता. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने त्याला चार महिने अॅसिडिटीचं गुलाबी औषध पाजलं. चार महिने! दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. पन्नाशी उलटलेल्या माणसाचा घास अडकतो, नऊ किलो वजन उतरतं, आणि हा शिकलेला गृहस्थ मान वर न करता चिठ्ठी लिहितो. नळाला पाणी येत नाही म्हणून कुणी नळवाला तोटीला पॉलिश करत बसला असता तर लोकांनी त्याला हाकलून दिला असता. डॉक्टरला मात्र आपण दारापर्यंत सोडायला जातो.

शेवटी ताईने पकडलं. दाजीचा पट्टा दोरीवर वाळत होता, त्याला खिळ्याने पाडलेली चार नवी भोकं होती. तिने भोकं मोजली, पट्टा हातात घेतला आणि तसाच नवऱ्यापुढे धरला. दुसऱ्या दिवशी तिघंही मोठ्या हॉस्पिटलात. तोंडातून दुर्बीण घातली, तुकडा काढला, आठवड्याने कागद आला. अन्ननळीच्या खालच्या भागात कॅन्सर, चार बोटं लांब.

मग नातेवाईक आले. त्यांच्याबद्दल कमी बोललेलं बरं, पण बोलायलाच हवं. ज्याच्या घशाखाली पाणी मुश्किलीने उतरतं, त्याच्या उशाशी त्यांनी सफरचंदांचा ढीग घातला. काय खाल्ल्यामुळे झालं याचा तपास लावला: बारा वर्षांपूर्वी सोडलेली सिगारेट, उकळता चहा, पाइपच्या सोल्युशनचा वास, आणि एका काकूंच्या मते ताईचा स्वयंपाक. एक जण म्हणाला, कापाकापी करू नका, लोखंड लागलं की हा रोग पसरतो. हे महाशय स्वतः मूळव्याधीचं ऑपरेशन करून आले होते. ताईने सगळ्यांना चहा दिला, सफरचंदं परत त्यांच्याच पिशवीत भरली आणि दार लावून घेतलं.

ऑपरेशन करणारी सर्जन बाई होती. पन्नाशीची, बुटकी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. सगळे मॅडम म्हणायचे. तिने कागदावर चित्र काढलं. अन्ननळीचा जवळजवळ सगळा भाग काढायचा. मग जठर कापून-शिवून त्याची लांबट नळी करायची, ती छातीतून वर ओढायची आणि मानेत, डाव्या बाजूला, अन्ननळीच्या उरलेल्या टोकाला जोडायची.

दाजी चित्राकडे बघत राहिला. “म्हणजे टाकीचाच पाइप करायचा.”

“बरोबर.”

“मग टाकी?”

“टाकी नाही राहणार. म्हणून एका वेळी थोडंच खायचं, दिवसातून सहा-सात वेळा. सपाट झोपायचं नाही, उशाकडून चढ हवा, नाहीतर खाल्लेलं वर येतं. आणि हे सगळं कायमचं.”

पान्याने विचारलं, “तुम्ही असे किती केलेत?” ताईने टेबलाखालून त्याला चिमटा काढला. मॅडमने मात्र पेन खाली ठेवलं.

“मी स्वतः दोनशेच्या वर.”

“त्यातले गळले किती?”

“मानेतला जोड, दहातला एक. कधी जास्त.”

“आणि माणसं?”

“शंभरातली तीन जातात. मागच्या वर्षी चार गेली.” मग तिने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. “माझा एकही गळला नाही असं सांगणारा भेटला तर तिथून उठा. त्याने एक तर केलेले नाहीत, नाहीतर तपासलेले नाहीत.”

बाहेर आल्यावर दाजी जिना उतरता उतरता म्हणाला, “बाई आपल्यातली आहे.” त्याचं ठरलं होतं. ताईला शंभरातल्या तिघांनी घेरलं होतं. तिला वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस त्या तिघांतला वाटत होता.

आधी पाच आठवडे रेडिएशन आणि दर आठवड्याला सलाइनमधून औषध, गाठ आकसावी म्हणून. मग महिना-दीड महिना अंगात ताकद भरायची. तीन चेंडूंचं एक प्लास्टिकचं खेळणं दिलं होतं, नळीने श्वास ओढून चेंडू वर उचलायचे, फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून. दाजीने तिसऱ्या दिवशी तिन्ही चेंडू उचलले आणि खेळणं पान्याच्या हातात दिलं. पान्याचा तिसरा चेंडू काही हलेना. दाजी म्हणाला, कॅन्सर मला आणि दम तुला. दोघं एवढे हसले की दाजीला ठसका लागला आणि ताईने खेळणं कपाटात ठेवून दिलं.

ऑपरेशन आठ तास चाललं. ताईने दाजीचं घड्याळ आपल्या मनगटात घातलं होतं. ते सैल होऊन कोपरापर्यंत घसरायचं, ती परत खाली आणायची. मॅडम बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर टोपीच्या नाडीचा वळ उठला होता. चांगलं निघालं, म्हणाली. आता जोड धरतो का ते बघायचं. पाच-सहा दिवस तोंडाने काहीही नाही, पाण्याचा थेंबही नाही. मग एक्स-रेच्या मशीनपुढे औषध प्यायला देऊन बघू. जोडातून बाहेर आलं नाही तर हळूहळू खायला सुरुवात. आलं, तर पुढचं पुढे.

एवढ्यावर सगळं आलं होतं. गाठ गेली, छाती शाबूत, माणूस शुद्धीवर. राहिला होता तो मानेतला एक जोड, करंगळीएवढा.

चौथ्या दिवशी दाजीला वॉर्डात आणलं. नाकात नळी, छातीत नळी, लघवीची नळी, मानेतून एक बारीक नळी निघून खाली बाटलीत गेलेली, आणि पोटात शिवलेली एक, तिच्यातून दुधासारखं औषधी अन्न थेट आतड्यात. दाजीने डोळे फिरवून सगळं पाहिलं आणि म्हणाला, “एवढ्या लाइनी एका बाथरूमला नसतात.” आवाज फाटक्या कागदासारखा आला. मानेतली एक शीर दुखावली होती. काहींचा आवाज परत येतो, काहींचा नाही, असं मॅडमने आधीच सांगितलं होतं.

अंगाला पाणी पोटातल्या नळीतून मिळत होतं, पण तोंडाला ते कोण समजावणार? जीभ टाळ्याला चिकटायची. काडीला लावलेला ओला स्पंज ओठांवरून फिरवायची परवानगी होती. दाजी तो स्पंज चोखायला बघायचा आणि सिस्टर लहान पोराला दटावावं तसं दटावायची.

सहाव्या दिवशी चाचणी व्हायची होती. झाली नाही, मशीन बिघडलं होतं. सातव्या दिवशीही नाही. मशीन सुरू झालं तर ते चालवणारा रजेवर. उद्या, उद्या. हॉस्पिटलात ‘उद्या’ हा शब्द असा सांगतात, जणू औषधच दिलं. सातव्या दिवशी सकाळी दाजीला थोडा ताप होता. दुपारी दोनला ताई आंघोळीला घरी गेली आणि पाना खाटेजवळ बसला. दाजीने त्याला बोटाने जवळ बोलावलं.

“जोड कोणी केला?”

“मॅडमनी.”

“तपासणार कोण?”

“मशीनवर दिसतं ते सगळं, दाजी.”

“मशीनकडे बघणार कोण? मॅडमच ना?”

दाजीने थांबत थांबत, दम खात बाजू मांडली. भिंत बुजवून सात दिवस झाले आणि चाचणीचा पत्ता नाही. आपण असं काम कधी सोडलं होतं का? दोन चमचे पाणी, दाब नाही काही नाही. गळत असेल तर आज कळलेलं बरं की दहाव्या दिवशी? पाना म्हणाला, दाजी, ही आपली लाइन नाही. दाजीने डोळे मिटले. पान्याला वाटलं, झोपला.

“तू तपासलास तरच मी त्याच्यावरून घास सोडीन,” दाजी मिटल्या डोळ्यांनी म्हणाला. “नाहीतर नाही.”

आता कुणी म्हणेल, चाळीस वर्षांचा बाप्या, त्याला अक्कल नव्हती? होती. पण अक्कल आणि सवय यांची गाठ पडली की नेहमी सवय जिंकते. बावीस वर्षं या माणसाने “बघ रे” म्हटलं आणि पान्याने गुडघे टेकले. तो उठला, समोरच्या बेकरी सामानाच्या दुकानात गेला आणि केकवर घालायचा निळा रंग घेऊन आला. गळकी टाकी शोधताना ते पाण्यात रंग टाकायचेच. लाल नको, रक्त समजून फसायला होईल. पिवळा नको. माणसाच्या आत निळं काही नसतं, एवढा विचार त्याने नीट केला. विचार पक्का होता, फक्त पहिलं पाऊलच चुकीचं होतं.

खाटेचा पडदा ओढला. गाळलेलं पाणी, त्यात एक थेंब रंग, बाटलीच्या झाकणात दोन चमचे. दाजीने ते जिभेवर घोळवलं, गालांत फिरवलं आणि अगदी सावकाश गिळलं. मग आणखी मागितलं. एवढ्याशाने काय कळणार, म्हणाला. पान्याने आणखी दोन चमचे दिले. दाजीचे ओठ निळे झाले होते आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं, की पान्याला बरंच वाटलं.

मग तो खाली वाकला आणि मानेतल्या बारीक नळीकडे बघत बसला. आत नेहमीसारखं फिकट लालसर पाणी होतं. मिनिट गेलं, दोन गेली. चौथ्या मिनिटाला नळीत निळी रेघ आली. दोऱ्याएवढी. ती हलली, लांब झाली आणि बाटलीकडे उतरायला लागली.

“काय रे?” दाजीने वरून विचारलं.

“कोरडा,” पाना म्हणाला.

बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्याने दाजीचे ओठ ओल्या कापसाने पुसले, पडदा सरकवला आणि सिस्टरच्या टेबलापर्यंत चालत गेला. रंगाची डबी तिच्यासमोर ठेवली आणि काय केलं ते सगळं सांगितलं, एकही शब्द न लपवता.

मॅडम दहा मिनिटांत आली. तिने दाजीच्या मानेवरचे टाके तिथेच कापले, जखम उघडी केली, आत कापसाच्या पट्ट्या भरल्या. नवी औषधं सुरू झाली, छातीचा स्कॅन झाला. छातीत काही उतरलं नव्हतं. दाजी सगळा वेळ पान्याला शोधत होता, आणि पाना बाहेर भिंतीला पाठ लावून उभा होता. मॅडम बाहेर आली तेव्हा हातमोजे काढता काढताच बोलली. एरवी अहो-जाहो करणारी बाई, त्या दिवशी एकदम एकेरीवर आली.

“त्याची स्वरयंत्राची शीर दुखावलीय, तुला माहीत होतं. पाणी श्वासनळीत गेलं असतं, फुप्फुसात उतरलं असतं, आज रात्री श्वासाच्या मशीनवर घातला असता त्याला. कळतंय?”

पान्याने मान हलवली.

“जोड छातीत असता तर मी आत्ता तुझ्याशी बोलत नसते, आत असते. मानेतला आहे म्हणून वाचला. मानेतला बाहेर गळतो. जखम उघडी ठेवायची, थुंकी बाहेर येऊ द्यायची, बहुतेक वेळा आपोआप भरतो. दोन आठवडे, तीन, जास्तही.”

“माझ्यामुळे झालं का?”

“सकाळपासून ताप होता. म्हणजे बहुधा आधीच गळत होतं. पण तुझ्यामुळे झालं नाही असं मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही. तुला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू?”

“नको.”

“आणि चाचणी काल व्हायला हवी होती. ती आमची चूक, तीही लिहून ठेव.” मग जाता जाता ती वळली. “स्वतःहून सांगितलंस ते बरं केलंस. माझे शिकाऊ डॉक्टरसुद्धा सांगत नाहीत.”

ताईला सिस्टरनेच सांगितलं. ती आली, नवऱ्याच्या मानेवरची पट्टी पाहिली, भावाकडे पाहिलं आणि बोलली नाही. तीन दिवस बोलली नाही. पान्याने डबा आणला तर घ्यायची, रिकामा परत द्यायची, पण तोंडातून शब्द नाही. लहानपणी त्याने तिची वही फाडली तेव्हा ती अशीच गप्प झाली होती, आणि तेव्हाही त्याला मार परवडला असता. चौथ्या दिवशी तिने त्याच्या हातात पोटातल्या नळीची मोठी सिरिंज ठेवली.

“त्यांना नाही म्हणता येत नाही ना तुला? मग मलाही म्हणू नकोस. आजपासून हे तू करायचं. घरी गेल्यावरसुद्धा. तोंडाने जेवेपर्यंत.”

ती शिक्षा होती की माफी, हे पान्याला कळलं नाही. बहुधा ताईलाही नसावं. ऑपरेशनला दोन आठवडे झाल्यावर दाजीला घरी सोडलं, मानेवर पट्टी आणि पोटात नळी घेऊन. आधी नळीत कोमट पाणी सोडायचं, मग अन्न हळूहळू, मग परत पाणी, म्हणजे नळी तुंबत नाही. दिवसातून सात वेळा. पाना कामं अर्धवट टाकून यायचा, हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचा आणि स्टुलावर बसायचा. हॉस्पिटलातल्या इतरांच्या नळ्या आठवड्यात तुंबायच्या. दाजीची एकदाही तुंबली नाही. दाजी त्याला म्हणायचा, इतकं नीट काम तू गिऱ्हाइकाकडे केलं असतंस तर आपण बंगला बांधला असता.

मानेची पट्टी ताई बदलायची. काढलेली पट्टी ती न बोलता पान्यापुढे धरायची आणि तो बोटाने दाबून बघायचा. ओली. ओली. ओली, पण कालच्यापेक्षा कमी. एका सकाळी दाजीने त्याला विचारलं, “त्या दिवशी तू कोरडा म्हणालास.”

“हो.”

“मला कळलं होतं. तुझा आवाज माझ्यापेक्षा फाटका आला.”

पान्याने सिरिंज वर धरली आणि अन्न किती उतरलं ते बघत राहिला.

ऑपरेशनला सव्वीस दिवस झाले तेव्हा पट्टी कोरडी निघाली. सत्ताविसाव्या दिवशी कोरडी. अठ्ठाविसाव्या दिवशी तिघंही हॉस्पिटलात, मशीन चालू, चालवणारा हजर. पाना दाजीच्या मागोमाग खोलीत शिरायला निघाला तर मॅडमने हात आडवा घातला. “तुम्ही बाहेर.” अहो-जाहो परत आली होती, पण हात आडवाच होता. पाना बाकावर बसला. ताई शेजारी बसली. थोड्या वेळाने तिने त्याचं मनगट धरलं, इतकं घट्ट, की त्याची बोटं थंड पडली. तो हलला नाही.

दार उघडलं. मॅडम दाजीला घेऊन बाहेर आली, तिच्या हातात कागद होते. जोड धरला होता. भरताना जरा आवळला होता, पुढे एक-दोनदा दुर्बिणीने रुंद करावा लागेल, पण गळत नव्हता, एक थेंबही नाही. दुसरा कागद काढलेल्या गाठीचा. कडा स्वच्छ. तेवीस ग्रंथी तपासल्या, एकीत रोग सापडला. ताईने विचारलं, म्हणजे काय? मॅडम त्यांच्यासमोर बाकावर बसली आणि म्हणाली, अशा शंभर माणसांतली साधारण निम्मी पाच वर्षं बघतात. हे कुठल्या निम्म्यात, ते मला माहीत नाही. दर थोड्या महिन्यांनी या, आपण बघत राहू. दाजीने मान डोलावली. निम्मे म्हणजे वाईट भाव नाही, म्हणाला.

मग सिस्टरने पाण्याचा पेला आणला. दाजीला ताठ बसवलं, हनुवटी खाली घ्यायला सांगितली. तो एक चमचा प्यायला. गिळला. सगळे त्याच्या मानेकडे बघत होते, जणू तिथे काही लिहून येणार होतं. दुसरा चमचा. तिसऱ्यानंतर त्याने चमचा खाली ठेवला आणि पान्याकडे बघितलं.

“एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी चाचणी-बिचणी काही नव्हती माझ्या डोक्यात.”

“म्हणजे?”

“तहान लागली होती रे. नुसतं पाणी मागितलं असतं तर तू दिलं नसतंस.”

पान्याच्या डोळ्यांपुढून तीन आठवडे गेले: ताईचा अबोला, ती बाटली, रात्री कूस बदलताना स्वतःला दिलेल्या शिव्या. बावीस वर्षांत तो या माणसावर कधी चिडला नव्हता. आता उठून उभा राहिला.

“दाजी, तुम्ही नालायक माणूस आहात.”

“आहे.”

“मी मेलो होतो तीन आठवडे.”

“माहितीय. म्हणून सांगितलं.” दाजीने पेला बाजूला सारला. “तोंडाने पाणी गेल्याशिवाय सांगणार नव्हतो. मध्येच मेलो असतो तर तुला वाटलं असतं, मरताना समजूत काढतोय.”

ताईने दोघांकडे पाहिलं. एक खोटारडा आणि एक मूर्ख, ती म्हणाली, आणि माझ्या नशिबी दोन्ही, एकाच पत्त्यावर. मग ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि तिने भावाच्या पाठीत एक धपाटा घातला. तो तीन आठवड्यांपूर्वी बसायला हवा होता. बसला तेव्हा पान्याला जीव परत आल्यासारखं वाटलं.

आपला माणूस वाचला की लोकांना वाटतं गोष्ट संपली. संपत नाही. दोनदा जोड रुंद करावा लागला. आवाज निम्मा परत आला, निम्मा गेला तो गेलाच. आता दाजी गिऱ्हाइकावर ओरडत नाही, कानात येऊन बोलतो, आणि लोक जास्त घाबरतात. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा आहेत. पोटातली नळी पान्यासमोर काढली, त्या दिवशी त्याला उगाच चुकल्यासारखं झालं.

खरा घोळ ताटाचा झाला. ताटात टाकायचं नाही, हे दाजीच्या हाडात बसलेलं. चार घासांत पोट भरायचं आणि पाचवा-सहावा तो ताट स्वच्छ करायचं म्हणून ढकलायचा. मग अर्ध्या तासात घाम, छातीत धडधड, चेहरा पांढरा, आणि तासभर भिंतीला टेकून बसायचं. अन्न धाडकन आतड्यात उतरतं म्हणून असं होतं, मॅडमने सांगितलं, थांबायला शिका. दाजी शिकेना. ताईने वाढायचं कमी केलं तर त्याला ताट रिकामं बघवेना. मला काय चिमणी समजलीस, म्हणायचा. शिव्या झाल्या, रुसवे झाले.

त्यावर उपाय पान्याने काढला, कुणाला न विचारता. तो समोर बसतो. दाजीचा हात मंदावला, की ताट आपल्याकडे ओढतो आणि उरलेलं खातो. दाजी काही म्हणत नाही. अन्न वाया गेलं नाही ना, मग झालं. दिवसातून सहा वेळा हे कोण करणार? पाना करतो. कामावर, घरी, तपासणीच्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर. स्वतः जेवून उठलेला असला तरी. सव्वा वर्षात दाजी दहा किलोने हलका राहिला आणि पाना अकराने जड झाला. पाइपच्या चरीत वाकताना आता त्याचा श्वास लागतो. मॅडमने परवा त्याचं पोट बघून भुवई उचलली, पण दाजीचा स्कॅन स्वच्छ होता, म्हणून बोलली नाही.

काल एका नव्या घरात दोघं काम करत होते. अकरा वाजले. दाजी जिन्याच्या पायरीवर ताठ बसला, डबा उघडला, पाच घास खाल्ले, प्रत्येक घास पन्नासदा चावून. सहाव्याकडे त्याचा हात गेला आणि मध्येच थांबला. त्याने डबा स्वतःच पुढे सरकवला. पान्याने पँटला हात पुसले आणि खायला लागला, भराभर, कारण भिंतीतलं सिमेंट सुकत होतं.

“सावकाश,” दाजी त्याच्या कानाशी म्हणाला. “अडकेल.”